३२०० रुपयांचा घोडा

हवा फुकट मिळते, या एका समजुतीवर मध्यमवर्गाचं निम्मं सुख उभं आहे. ही समजूत किती कच्ची आहे ते मला माझ्या पुतण्यानं पटवलं. तो मेकॅनिकलचा डिप्लोमा करून एका फाउंड्रीत कामाला आहे. त्याच्या नखांतली काजळी आणि बोलण्यातलं इंग्रजी, दोन्ही साबणानं जात नाही.

"काका," तो म्हणाला, "इंजिनं दोन जातींची. एकात टर्बो लावून हवा आत ढकलतात. दुसरं जे काय ओढायचं ते स्वतःच्या दमावर ओढतं. त्याला नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड म्हणतात."

मला तत्काळ समजलं. टर्बो म्हणजे वशिला! मागून कुणी तरी फुंकर घालायची आणि पुढच्यानं पळत सुटायचं. आमच्या घराण्यात चार पिढ्यांत कुणाच्या मागून अशी फुंकर आलेली नाही. आजोबा कारकून म्हणून लागले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले. आम्ही खानदानी नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड.

हे बोलणं चाललं होतं दादांच्या मोटारीवरून. दादा म्हणजे माझे थोरले बंधू, या पुतण्याचे वडील. मोटार म्हणजे प्रीमिअर पद्मिनी. मूळची ही इटलीची फियाट ११००. ती मुंबईत कुर्ल्याला तयार होऊ लागली आणि १९७४ साली तिचं नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसी, चार सिलिंडर, अश्वशक्ती चाळीसच्या आसपास. मुंबईत तिनं काळीपिवळी टॅक्सी म्हणून जन्म काढला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या रस्त्यांवरून ती निवृत्त झाली. आमच्या कोल्हापुरात तिला महत्त्वाचं काम एकच : वर्षातून एकदा सगळ्यांना जोतिबाच्या डोंगरावर नेणं. चाळीस घोड्यांना चार माणसं ओढायला सांगितली तर ते कुरकुरत नाहीत. आम्ही नऊ जण, नारळाचं पोतं आणि आत्या असे बसायचो. (आत्यांना नऊ जणांत धरलेलं नाही. त्यांचा हिशेब पोत्याबरोबर.) शेवटच्या चढाच्या वळणावर मोटार हुंदका द्यायची, दादा मागं न बघता "उतरा!" म्हणायचे, आणि पोराबाळांसकट मीही उतरून चालू लागायचो.

आता दादांना अठ्ठ्याहत्तरावं लागलंय आणि दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिलाय. सहा वर्षं मोटार कडुलिंबाखाली आणि दादा व्हरांड्यात. दोघंही जागचे हलत नव्हते. भंगारवाला बावीस हजार द्यायला तयार होता. भाड्याच्या गाडीनं जोतिबाला नेतो म्हटलं, तर दादा म्हणाले, "देवाला जायचं ते आपल्या वाहनानं. नाही तर इथूनच हात जोडतो." सहा वर्षं इथूनच जोडणं चाललं होतं.

पुतण्यानं पन्नास हजार साठवले होते. "मारुतीचं भंगारातलं इंजिन टाक. स्वस्त पडेल, ताकदही जास्त," असं जो तो सांगत होता. सल्ला शंभर टक्के बरोबर होता. पुतण्या म्हणाला, "बाबांचे गुडघे बदलून मिळतात. पण बाबाच बदलून आणले तर आई घरात घेईल का?" यावर वहिनींनी जरा जास्तच वेळ विचार केला.

शेवटी उद्यमनगरातले एक जुने मिस्त्री गाठले. त्यांनी इंजिन उघडून पाहिलं, पान थुंकलं आणि एका वाक्यात सगळं शास्त्र सांगितलं : "इंजनाला जोर देता येत न्हाई बगा. जोर त्येच्यातच असतोय. आपण नुसती अडचण काडायची."

मोठमोठ्यांनी हेच केलंय. इटलीत कार्लो अबार्थ यांनी १९४९ साली कंपनी काढली आणि छोट्या फियाटींच्या अडचणी काढून नाव कमावलं. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथंही फियाटी अशाच तासूनघासून पळवत. बाहेरून भाग मागवणं कठीण होतं, आणि घासायला परवाना लागत नव्हता.

अडचण म्हणजे काय ते ऐका. इंजिन मिनिटाला ४८०० फेरे घेतं, तेव्हा एकेक सिलिंडर सेकंदाला चाळीस वेळा श्वास घेतो. एका श्वासाच्या वाट्याला सेकंदाचा एकशेसाठावा भाग. तेवढ्यात हवेनं कार्ब्युरेटरमधून, मॅनिफोल्डच्या वळणातून, व्हॉल्व्हच्या फटीतून आत शिरायचं. आणि वाटेत काय? ओतकामाचे खडबडीत उंचवटे आणि गॅस्केटची पुढं आलेली कड. दिवाळीच्या आदल्या दिवशी महाद्वार रोडवरून सायकल काढण्यातलाच प्रकार. पुतण्यानं तीन आठवडे रात्री जागून त्या वाटा घासल्या. खर्च फक्त पॉलिश पेपरचा. मिस्त्रींनी मात्र दम भरला, "लई मोटं करू नगंस. वाट रुंद झाली की हवा रेंगाळती."

शिवाय आमची हवाही विरळ. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळं हवेचा दाब मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के कमी.

"म्हणजे हीच गाडी मुंबईत जास्त ओढेल?" मी विचारलं.

"ओढेल की. पण तिथं ओढायला रस्ता कुठं मोकळाय?"

मग दाब वाढवायचं काम निघालं. हेड उलटं ठेवून, वर भोक पाडलेली काच लावून, सिरिंजनं रॉकेल सोडून आतली जागा मोजायची. सिरिंज आणायला मला पाठवलं. औषधाच्या दुकानदारानं विचारलं, "पेशंटचं वय?" मी म्हटलं, "चाळिशी उलटलीय." रॉकेल मावलं ४३ सीसी. सिलिंडर २७२ सीसीचा. म्हणजे हवा सव्वासात पट दाबली जात होती. हेडचा तळ मशीनवर तासून ती जागा ३६ वर आणली, दाब साडेआठ पट झाला. आणखी तासलं तर पेट्रोल आपलं आपणच भडकतं आणि इंजिन आतून खडखडतं. माणसांचंही असंच आहे, पण तिथं कुणी सिरिंज लावून मोजत नाही.

यापुढं पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड वजनाला सारखे करायचे. नाजूक काटा कुठला आणायचा? आम्ही गुजरीत ओळखीच्या सराफांकडं गेलो. कोल्हापुरी साजाशेजारी काळेकुट्ट रॉड मांडले. सगळ्यांत जड आणि सगळ्यांत हलका यांत अकरा ग्रॅमचा फरक निघाला. सगळ्यांत हलका तो प्रमाण धरून बाकीचे घासायचे. सराफांनी सवयीनं विचारलं, "घट किती धरू?"

कॅमवरून मात्र मिस्त्री आणि पुतण्यात जुंपली. पुतण्याला शर्यतीचा कॅम हवा होता. त्यात व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतात आणि वरच्या फेऱ्यांत ताकद येते. पण खालच्या फेऱ्यांत जीव राहत नाही, आणि मोटार उभ्या जागी दम्यासारखी खोकते. मिस्त्रींनी विचारलं, "गाडी शोलावरमला न्यायची का जोतिबाला?" पुतण्या गप्प बसला. सौम्य कॅम बसला.

राहिला कार्ब्युरेटर. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते दाब चांगला सोसतं, पण हवेच्या मानानं जास्त लागतं आणि जुनं रबर खातं. म्हणून जेट मोठे केले, नळ्या बदलल्या. आमच्या जिल्ह्यातला ऊस आजवर आमच्या चहात जात होता, आता मोटारीतही जाऊ लागला.

हिशेब असा : बोअर आणि पिस्टन १२,०००, क्रँक आणि बेअरिंगं ९,०००, हेड आणि व्हॉल्व्ह ७,०००, जुना पण मोठा कार्ब्युरेटर ६,०००, कॅम ५,०००, सायलेन्सरच्या नळ्या ५,०००, किरकोळ ४,०००. एकूण ४८,०००. (किरकोळ म्हणजे मिसळ.) पुतण्याच्या म्हणण्याप्रमाणं पंधरा घोडे वाढले. म्हणजे घोड्यामागं ३२०० रुपये. कोल्हापुरात एवढ्यात बोकड येत नाही.

घोडे मोजायचं यंत्र आमच्याकडं नव्हतं. डोंगर होता. रविवारी निघालो. सहा जण, नारळ, आणि पुढच्या लांब बाकावर कडेला दादा. पुतण्या चालवत होता. दादा रस्त्याकडं बघत होते, इंजिनाबद्दल चकार शब्द नाही. डोंगर सुरू झाला. ते वळण आलं. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. दादा मागं न बघता म्हणाले, "उतरा!"

कुणी उतरलं नाही. उतरायला गाडी थांबलीच नव्हती. वळण मागं पडलं, चढ मागं पडला, आणि दादांनी मान वळवून मागच्या बाकावर किती माणसं आहेत ते दोनदा मोजलं.

वर पोचल्यावर आम्ही दोघांनी धरून त्यांना खाली उतरवलं. शिखर दिसत होतं, गुलाल उडत होता, "चांगभलं"चा गजर चालला होता. दादांनी हात जोडले. मग काठी टेकत पुढं गेले, बॉनेटवर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. पुतण्या परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा उभा.

"तापलंय," दादा म्हणाले. "उतरताना पंख्याचा पट्टा बघून घे. पुढच्या वर्षी आत्यालाही आणायचंय."