पिंप्राळ्याचा रथ आणि माझा ब्रेक



एरंडोलकडून जळगावला निघालात की पाळधी मागे पडते, बांभोरीजवळ गिरणेचा पूल लागतो आणि पूल ओलांडून थोडे पुढे गेले की पिंप्राळा येते. एकेकाळचे हे स्वतंत्र गाव आज जळगाव महापालिकेच्या हद्दीत आहे. भोवती कॉलन्या झाल्या, सिमेंटचे रस्ते झाले. पण आषाढी एकादशीला पिंप्राळा पुन्हा गाव होते. त्या दिवशी विठ्ठलाचा रथ निघतो. शंभर वर्षांहून जुनी ही रीत आहे आणि लोक कौतुकाने पिंप्राळ्याला प्रतिपंढरपूर म्हणतात.

१० जुलै २०२२, रविवार. कोरोनामुळे आधीची दोन वर्षे रथोत्सव नेहमीसारखा झाला नव्हता, म्हणून त्या वर्षी गर्दीला पार नव्हता. तुम्ही गेलात तर सगळे रथाच्या शिखराकडे, झेंडूच्या माळांकडे पाहत असतील. तुम्ही मात्र क्षणभर खाली, चाकांकडे पाहा. तिथे काही माणसे हातात मोगरी घेऊन चालतात. मोगरी म्हणजे धुणे धुण्याची नव्हे, लाकडाची जाड पाचर. रथ थांबवायचा झाला की ती चाकापुढे सरकवतात, वळवायचा झाला की हिशेबाने एका बाजूला लावतात. एवढा अवजड रथ माणसे दोरांनी ओढतात खरी, पण तो थांबतो मोगरीवर. त्या माणसांची नजर देवाच्या मूर्तीकडेही जात नाही, ती चाकावरच असते.

मी त्या दिवशी मोगरीकडे इतक्या बारकाईने पाहत होतो, त्याला कारण होते. तासाभरापूर्वीच माझ्या स्वतःच्या गाडीचा ब्रेक मला दगा देऊन गेला होता. खरे तर दगा मीच दिला होता.

त्याचे असे झाले. कपाशीची लागण आटोपून खताचा पहिला हप्ता चालू होता. बांधाबांधावर फिरणे, मागे कधी बियाण्याची पिशवी, कधी खताची गोणी. माझ्या शंभर सीसीच्या गाडीचा मागचा पेडल पंधरा दिवसांपासून खोल जात होता. खोल गेला की मी पक्कड घेऊन ब्रेकच्या दांड्याचा नट दोन फेरे आवळायचा, पेडल वर यायचा, मी निर्धास्त. चार दिवसांनी पुन्हा तेच. मध्ये दोनदा चाकातून खरखर ऐकू आली; चिखल असेल म्हणून सोडून दिली.

एकादशीला सौभाग्यवतींना घेऊन निघालो. पिंप्राळ्यात मेहुणीचे घर आहे. पाऊस नुकताच पडून गेलेला, रस्ता ओला. बांभोरीच्या अलीकडे पुढचा टेम्पो एकाएकी थांबला. मी पाय दाबला तर पेडल थेट तळाला गेला आणि चाकातून लोखंड घासल्याचा आवाज आला. घाबरून पुढचा ब्रेक मुठीत आवळला. चाक घसरले, गाडी टेम्पोपासून हातभर अंतरावर थांबली, पण डावीकडे आडवी झाली. सौभाग्यवती एका अंगाने बसलेल्या. त्यांचा पाय खाली सापडून घोटा मुरगळला. हाड वाचले, एवढेच. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “तुम्ही रोज तो नट आवळत होते ना हो?”

याला मी काय उत्तर देणार?

पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, रस्त्याच्या कडेने कसेबसे पिंप्राळा गाठले. मेहुणीने ओट्यावर बसवून पायाला पट्टी बांधली. तिथूनच त्यांनी रथ पाहिला. रथ पुढे गेल्यावर साडूंनी मला गल्लीतल्या एका वयस्क मिस्त्रीकडे नेले. दुकान बंद होते, पण घराला लागूनच असल्याने त्यांनी अर्धे शटर वर केले.

“काय व्हयनं भाऊ?”

“ब्रेक लागत नाही,” मी म्हणालो.

पान्याला हात न लावता त्यांनी विचारायला सुरुवात केली. पेडल खोल जातो की वरच राहतो? आवाज किंचाळल्यासारखा की खरखरीत? गाडी ढकलताना जड जाते का? चेन केव्हा ताणली? आणि शेवटी, “नट कितला आवळा?”

बंधूंनो, मी बी.एस्सी. ॲग्रीचा पदवीधर. नोकरीची तीस वर्षे तुम्हाला सांगत आलो की, पान पिवळे दिसले म्हणून लगेच युरिया टाकू नका. नत्र कमी असेल, लोह कमी असेल, मुळाशी पाणी साचले असेल, आधी पाहा. आणि मी स्वतः ब्रेकला पंधरा दिवस युरियाच टाकत होतो! नट आवळणे हे औषध एकाच दुखण्याचे, तेही दुखणे थोडे असेपर्यंतच.

मिस्त्रींनी चाक खोलून जे दाखवले ते थोडक्यात सांगतो. पेडल दाबला की दांडा एका छोट्या कॅमला फिरवतो, कॅम दोन अर्धगोल शू बाहेर ढकलतो आणि शूवरचे लायनर ड्रमला आतून घासून चाक थांबवतात. लायनर झिजले की शूला जास्त सरकावे लागते, म्हणून पेडल खोल जातो. नट आवळल्याने फक्त मधली ढिलाई जाते. झिजलेले लायनर काही भरून येत नाहीत. माझे लायनर संपून शूचे उघडे धातू ड्रमला घासत होते. खरखर ती होती.

ही झीज चाक न खोलता कळते. बहुतेक गाड्यांना मागच्या चाकाजवळ, ब्रेकच्या आर्मपाशी एक बाण असतो आणि शेजारी एक खूण. ब्रेक पूर्ण दाबून धरा. बाण खुणेला भिडला की शू बदलायची वेळ झाली, मग नट कितीही आवळा. माझ्या गाडीला तो बाण होता. चिखलाखाली. मी तो आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

पेडल वरच राहतो पण गाडी थांबत नाही, हे दुखणे वेगळे. त्यात लायनर काचेसारखे गुळगुळीत झालेले असतात किंवा त्यांना ग्रीस-तेल लागलेले असते. आपल्याकडे चाक खोलले की सगळे रॉकेल-डिझेलने धुण्याची सवय आहे. शूला त्याचा थेंबही नको. तेल प्यालेले लायनर बदलावेच लागतात. ड्रममधली धूळ तोंडाने फुंकूही नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा. नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली तर ब्रेक काही वेळ धरत नाही. पुढे हळू चालवत, हलका ब्रेक दाबत तो वाळवून घ्या आणि मगच वेग घ्या. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार वेळा कुरकुर होऊन थांबली तर चिंता नको, रात्रीची ओल असते.

याच्या उलट, ब्रेक सुटतच नाही असेही होते. गाडी ढकलायला जड, पेट्रोल जास्त, मागचा लाल दिवा चालूच. गाडी मेन स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवा. अडखळले तर नट जास्त आवळला आहे किंवा कॅम चिखलाने सुकला आहे. दोन-तीन किलोमीटर ब्रेक फारसा न वापरता चालवून ड्रमजवळ तळहाताची उलटी बाजू न्या. फार धग लागली तर आत घासते आहे. चेन ताणताना चाक मागे सरकते, त्यासरशी ब्रेकचा दांडाही ताणला जातो. म्हणून चेननंतर ब्रेक पाहिल्याशिवाय मिस्त्रीकडून निघू नका. मागच्या पेडलला इंचभर, पुढच्या लिव्हरला अर्धा-पाऊण इंच ढिलाई हवी. नेमके माप गाडीच्या पुस्तकात असते. ते पुस्तक बहुतेक घरांत देवळीत किंवा पोरांच्या दप्तराखाली सापडेल.

पेडल पायाखाली धडधडू लागला तर ड्रमची गोलाई बिघडलेली असते.

डिस्क ब्रेकची भाषा निराळी. लिव्हर स्पंजासारखा मऊ लागला तर तेलात हवा शिरली आहे. दाबून धरला असता हळूहळू आत जाऊ लागला तर आतले रबर गळते आहे. अशी गाडी चालवूच नका. डबीतले तेल उतरले तर पॅड झिजले किंवा कुठे गळती आहे, नुसते ओतून भागत नाही. डबीच्या झाकणावर लिहिलेल्या जातीचेच ब्रेक ऑईल घाला. इंजिनाचे तेल घातले तर रबरे फुगून बसतात. हे तेल हवेतली ओल पिते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलतात.

एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही चाकांचा जोडब्रेक किंवा एबीएस, आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. जोडब्रेकच्या गाडीत मागचा पेडल दाबला की पुढचाही लागतो, म्हणून तिचा नट घरच्या पकडीने फिरवू नये, हे मिस्त्रींनी मला दोनदा बजावले.

आणखी एक. पुढच्या ब्रेकला आपण घाबरतो आणि सगळा भार मागच्यावर टाकतो. गाडी थांबताना वजन पुढे येते, त्यामुळे थांबवण्याचे मोठे काम पुढचेच चाक करते. दोन्ही एकत्र, हळूहळू दाब वाढवत लावायचे. मी केले तसे मूठ आवळून नव्हे. चाळीसच्या वेगात एका सेकंदात गाडी अकरा मीटर जाते, म्हणजे तुम्ही दचकून पाय दाबेपर्यंत बैलगाडीच्या दोन लांबी सहज मागे पडतात. आणि कन्नडचा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे आपल्यात कमी नाहीत. तसे केले की इंजिनाची अडवण जाते, सारा भार ब्रेकवर येतो, तो तापतो आणि ऐन वळणावर धरेनासा होतो. गिअरमध्येच उतरा.

मिस्त्रींनी दोन्ही शू नवे टाकले, ड्रम पुसला, कॅमच्या दांडीला बोटाच्या टोकाएवढेच ग्रीस लावले. नवे लायनर ड्रमवर नीट बसेपर्यंत काही दिवस जपून चालवा, असेही सांगितले. जुने शू त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवले. पैसे नेहमीचेच घेतले, सणाचा एक रुपया वर नाही.

मेहुणीकडे परतलो तेव्हा सौभाग्यवती साबुदाण्याची खिचडी संपवून, पट्टीचा पाय पाटावर ठेवून बसल्या होत्या. ब्रेक ठीक झाला, निघू या, असे म्हणालो. त्या जागच्या हलल्या नाहीत.

“आधी तुम्ही एकटे दोन फेऱ्या मारून या. माझ्यासमोर थांबवून दाखवा.”

मी रिकाम्या गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. दोन्ही वेळा ओट्यासमोर गाडी थांबवली. तिसरीही मारायला लावली, आणि मगच त्या मेहुणीच्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या.