वाऱ्याच्या खालून

मला जे काही गोल्फ येतं ते मामांनी शिकवलेलं. मामा मुंबईच्या उपनगरातल्या आमच्या क्लबात कॅडी होते. मूळचे कोरेगावकडचे. पोरवयात चुलत्याबरोबर मुंबईला आले, गिरणीत नंबर लागला नाही, आणि ओळखीच्या कुणीतरी गोल्फच्या मैदानावर बॅगा उचलायला नेऊन उभं केलं. त्यांना शिकवणारं कुणी नव्हतं. साहेबलोकांचे फटके बघायचे आणि कुणीतरी टाकून दिलेली जुनी सेव्हन आयर्न घेऊन शेडमागच्या मोकळ्या जागेत ते करून बघायचे, एवढंच त्यांचं शिक्षण. कंपनीमुळे मला सभासदत्व मिळालं तेव्हा माझी तिशी उलटली होती आणि क्लब हातात कसा धरायचा इथपासून सुरुवात होती. ती सुरुवात मामांनी करून दिली.

मे महिन्यात आमचं मैदान तापून टणक व्हायचं. चेंडू उंच उडवून ग्रीनवर टाकला की टप्पा खाऊन पलीकडच्या झुडपात जायचा. मामा मला ग्रीनच्या पन्नास-साठ यार्ड अलीकडे सेव्हन आयर्न हातात देत आणि म्हणत, "साहेब, थोडं तुम्ही करा, बाकीचं जमिनीला करू द्या." चेंडू वीसेक यार्ड हवेत, पुढे सगळी घसरगुंडी. पावसाळ्याच्या तोंडावर खाडीकडून वारा सुटला की दुसरा धडा. चेंडू उजव्या पायाजवळ घ्यायचा, हात चेंडूच्या पुढे, अर्धाच फटका, आणि फटका संपताना हात कमरेच्या वर जाता कामा नयेत. "वाऱ्याशी भांडायचं नाही. खालून काढायचा." हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की कचेरीतही कुणाशी वाद व्हायची वेळ आली की मला तेच आठवायचं.

नोकरी संपल्यावर लिमरिकच्या माझ्या शाळासोबत्यानं बोलावलं. तो तिथल्या रुग्णालयात डॉक्टर. निम्मं आयुष्य आयर्लंडात गेलेलं, तरी फोनवर अजून अस्सल नगरी मराठी. "आठवडाभर ये, समुद्रावरचं गोल्फ खेळू," म्हणाला. पुण्याचे दोन मित्र बरोबर आले आणि चौकडी जमली. शॅनन विमानतळावर उतरलो आणि तिथून पश्चिम किनाऱ्यानं दक्षिणेकडे, असा बेत.

समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधला वाळूचा जो पट्टा असतो त्यावर हे गोल्फ चालतं. तिथं नांगर चालत नाही, झाड तग धरत नाही. वाऱ्यानं रचलेल्या वाळूच्या टेकड्या, त्यांना मुळांनी बांधून ठेवणारं उंच टोकदार गवत, आणि टेकड्यांच्या मधल्या सपाटीवर बारीक, चिवट हिरवळ. शतकानुशतकं इथं मेंढरं चरली, त्यांनी गवत खुरटं ठेवलं. पाऊस कितीही पडो, वाळूतून पाणी झिरपून जातं आणि जमीन घट्टच राहते. बहुतेक बंकर मेंढरांनी वाऱ्यापासून आडोसा घेताना केलेल्या खळग्यांतून झाले असं सांगतात. मैदान आधीच तिथं होतं, माणसानं आखणी करून फक्त झेंडे रोवले, असं ते बघताना वाटतं.

पहिला मुक्काम क्लेअर परगण्यातल्या लाहिंचला. लिमरिकचे गोल्फर आणि तिथल्या छावणीतले ब्लॅक वॉच पलटणीचे अधिकारी यांनी १८९२ मध्ये हा क्लब काढला. स्कॉटलंडच्या ओल्ड टॉम मॉरिसनं आखणी केली आणि १९२७ मध्ये अ‍ॅलिस्टर मॅकेंझीनं ती पुन्हा बेतली. अमेरिकेतलं ऑगस्टा नॅशनल बॉबी जोन्सबरोबर उभं केलं तोच हा मॅकेंझी. पण इथल्या दोन होलांना त्यानं हात लावला नाही. त्यातला पाचवा, 'डेल', मला पुन्हा पुन्हा खेळावासा वाटतो. दीडशे यार्डांच्या आसपासचा, पण ग्रीन दोन टेकड्यांच्या कुशीत दडलेलं. उभ्या जागेवरून झेंड्याचं टोकही दिसत नाही. समोरच्या टेकडीच्या उतारावर एक पांढरा दगड ठेवलेला असतो. झेंड्याची जागा बदलली की दगडही हलवतात. त्या दगडावर भरवसा ठेवून मारायचं. आजच्या आखणीकारांना असा होल कुणी करू देणार नाही आणि हे मला त्यांचं नुकसान वाटतं. क्लबाच्या चिन्हावर बकरी आहे. बकऱ्या टेकड्यांवर लांब चरत असल्या तर हवा चांगली राहणार, क्लबहाऊसजवळ आल्या तर पाऊस येणार, हा तिथला जुना आडाखा. आम्ही खेळलो त्या दिवशी त्या लांब होत्या.

मला मात्र लाहिंच लक्षात राहिलं ते संध्याकाळमुळे. उन्हाळ्यात तिथं रात्री दहापर्यंत उजेड असतो. परदेशी पाहुण्यांची गर्दी ओसरली की गाव मैदानावर येतं. शाळकरी पोरं तीन-चारच क्लब असलेली पिशवी खांद्याला लावून येतात. सकाळी आम्हाला न्याहारी वाढणारी मुलगी पहिल्या टीवर दिसली; बरोबर तिचे वडील, ते गावात खाटीककाम करतात. दोघंही सभासद. पाहुण्यांकडून क्लब घसघशीत पैसे घेतो, आणि गावकऱ्यांना गोल्फ परवडतं ते बऱ्याच अंशी त्या पैशामुळे, असं डॉक्टर म्हणाला. नामांकित गोल्फर रोरी मॅकिलरॉयच्या वडिलांनी बारमध्ये आणि साफसफाईच्या कामावर राबून पोराला खेळवलं, हे तिथं कुणाला नवलाचं वाटत नाही. क्रिस्टी ओ'कॉनर सीनियर, जे दहा वेळा रायडर कप खेळले, ते पोरवयात गॉलवेच्या क्लबात कॅडी होते.

किलिमरला मोटार बोटीवर चढवली, शॅनन नदीचं रुंद मुख ओलांडून टार्बर्टला उतरलो आणि केरी परगण्यात शिरलो. पुढचं गाव बॅलीबनियन.

बॅलीबनियनचा क्लब १८९३ चा. पहिल्या टीच्या उजव्या हाताला कबरस्तान आहे आणि पलीकडे अटलांटिक. १९७० च्या दशकात समुद्र मैदानाचा कडा खात सुटला, तेव्हा दगडी बांध घालण्यासाठी जगभरातल्या चाहत्यांकडून वर्गणी गोळा झाली आणि मैदान वाचलं. पाच वेळा ब्रिटिश ओपन जिंकणारा टॉम वॉटसन या मैदानाच्या इतका प्रेमात पडला की २००० साली तो या क्लबाचा कॅप्टन झाला.

इथं माझी बॅग घेतली ती साठीच्या पुढच्या एका गृहस्थानं. पूर्वी मासेमारी करत होते, आता उन्हाळ्यात कॅडीचं काम. हस्तांदोलन केलं, माझं नाव विचारलं, दोनदा म्हणून घोकून घेतलं आणि त्यानंतर शेवटपर्यंत मला नावानंच हाक मारली. स्वतःही ते याच क्लबाचे सभासद, आणि त्यांचा हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची कुवत सांगणारा आकडा, माझ्या निम्मा; तो जितका कमी तितका खेळ चांगला. शेवटच्या नऊ होलांवर समुद्रावरचा वारा असा सुटला की उभं राहणंही जड जाऊ लागलं. अकराव्या होलवर उजवीकडे कडा आणि खाली लाटा. आमच्यातल्या दोघांचे उंच उडालेले चेंडू वाऱ्यानं उचलून नेले. मी चेंडू उजव्या पायाजवळ घेतला आणि मामांचा फटका मारला. चेंडू गवताला धरून निघाला, उतारांवरून वळत वळत घरंगळला आणि ग्रीनच्या तोंडाशी थांबला. पुढच्या होलवर तेच. त्याच्या पुढच्यावर तेच.

"तुला हे कुणी शिकवलं? तू तर समुद्राजवळ खेळत नाहीस म्हणतोस."

मी मामांबद्दल सांगितलं. मे महिन्यातली टणक जमीन, सेव्हन आयर्न, खालून काढायचं. ते चालता चालता मान डोलवत होते, जणू ओळखीच्या माणसाची खबर ऐकत होते. मामांनी आयर्लंड कधी नकाशातही पाहिलं नव्हतं. एका कोरड्या मैदानावर, टाकून दिलेल्या क्लबनं, जमीन आणि वारा यांच्याकडे नीट बघून त्यांनी जे शोधून काढलं होतं, तेच या किनाऱ्यावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या खेळत आली होती. माझे गुरू किती मोठे होते ते मला त्या अकराव्या होलवर समजलं.

"त्यांचा हँडिकॅप किती?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही. आमच्याकडे हँडिकॅप सभासदांना मिळतो.

"मग ते खेळायचे कधी?"

सोमवारी सकाळी. मैदान सभासदांना बंद असे तेव्हा.

या उत्तरावर ते बराच वेळ बोलले. रागावून बोलले म्हटलं तरी चालेल. मैदान कुणाचं असतं, असं त्यांनी मला विचारलं. जो ते रोज चालतो, कुठे पाणी मुरतं आणि कुठे वारा वळतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला सोमवारीच का खेळायला मिळावं? खेळ संपल्यावर मी त्यांचा मेहनताना दिला. ते सरळ दुकानात गेले, त्यातल्याच पैशातून क्लबाचं चिन्ह असलेला एक चेंडू घेतला आणि माझ्या हातात ठेवला. "तुझ्या गुरूला दे. सांग, बॅलीबनियनच्या कॅडीनं दिलाय."

मधल्या मुक्कामांबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे. एक दिवस तर पावसात सगळाच गेला. शेवटी वॉटरव्हिल. आयरिश-अमेरिकन जॉन मल्केही यांनी एडी हॅकेट या आखणीकाराकडून हे मैदान करून घेतलं, १९७३ मध्ये ते सुरू झालं. हॅकेट हा फार मोठा माणूस. आयर्लंडमधल्या कितीतरी गरीब गावांना त्यानं नाममात्र मोबदल्यात मैदानं आखून दिली, आणि शक्यतो जमीन हलवायची नाही हा त्याचा नेम. इथल्या बाराव्या होलला 'मास होल' म्हणतात. कॅथलिक उपासनेवर बंदी होती त्या काळात गावकरी लपूनछपून याच खोलगट जागेत मिस्सासाठी जमत. मैदानाचं काम निघालं तेव्हा स्थानिक मजुरांनी इथं फावडं लावायला नकार दिला. हॅकेटनं आराखडा बदलला. टी एका उंचवट्यावर, ग्रीन दुसऱ्या उंचवट्यावर, मधली जागा तशीच. चेंडू तिच्यावरून पलीकडे जातो. मजुरांच्या शब्दाखातर नकाशा बदलणारा मालक आणि आखणीकार मी माझ्या नोकरीत फार कमी पाहिले. त्या टीवर उभं असताना मी फटका मारायची घाई केली नाही.

परत आल्यावर कोरेगावला गेलो. मामा आता ऐंशीच्या घरात आहेत, गुडघे दुखतात, पण नजर तीच. ओसरीवर बसून मी त्यांना एकेक होल सांगितला. डेलचा पांढरा दगड त्यांना फार आवडला. तो हलवतं कोण, हे त्यांनी दोनदा विचारलं. मग विचारलं, तिथल्या कॅडीला किती मिळतात? मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "आणि खेळायला?" मी म्हटलं, रोज मिळतं. ते सभासद आहेत. मामांनी चेंडू हातात फिरवून बघितला, नातवाला आतून सेव्हन आयर्न आणायला सांगितलं आणि मोकळ्या रानात, दुखऱ्या गुडघ्यानिशी, मोजून अर्धा फटका मारला. चेंडू ढेकळांना धरून बांधापर्यंत गेला. नातवानं धावत जाऊन तो आणला आणि मग स्वतः मारून बघितला.

मामांचं ऋण पैशानं फिटणारं नाही, आणि ते फेडून मोकळं व्हावं असं मला वाटतही नाही. पण आपल्याकडच्या क्लबांनी जे करायला हवं ते अवघड नाही. अली शेर दिल्लीत कॅडी होते, १९९१ मध्ये त्यांनी इंडियन ओपन जिंकली. एस. एस. पी. चौरासिया यांचे वडील रॉयल कलकत्ता क्लबात ग्रीनकीपर होते. चौरासियांनी २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोनदा तीच स्पर्धा जिंकली. ही गुणी माणसं बॅगांच्या शेडमधून आणि ग्रीनच्या निगराणीतून वर आली, आणि ती इतकीच असतील असं मला वाटत नाही. तुम्ही एखाद्या गोल्फ क्लबाचे सभासद असाल तर येत्या वार्षिक सभेत एवढा ठराव मांडा: आपल्या कॅडींना आणि माळ्यांना अधिकृत हँडिकॅप मिळावा, आठवड्यातल्या प्रत्येक संध्याकाळी त्यांना मैदान खुलं असावं आणि त्यांच्या मुलांना क्लबाच्या प्रशिक्षकाकडे विनाशुल्क शिकता यावं. मी माझ्या क्लबात तो लेखी दिला आहे. अनुमोदनाला आणखी सह्या हव्या आहेत.