खडखडाट थांबतो तेव्हा

सोलापूरचा पाहुणा सिद्धेश्वराचे तळे पाहतो, चादर घेतो आणि परततो. मी मात्र अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलांचा कारखाना पाहायला गेलो. यंत्रमागांच्या खडखडाटात शेजाऱ्याचा शब्द कळेना. एका वृद्ध विणकराच्या कानाशी ओरडून विचारले, "चाचा, या आवाजाचा त्रास होत नाही?"

"कसला आवाज?" ते हसले. इतक्यात वीज गेली. सारे माग थबकले. "हां, आत्ता कळला बघा, सर!"

मला इमाम गझाली (१०५८–११११) आठवला. कुराणाच्या एकाच आयतीत अल्लाला ‘जाहिर’ आणि ‘बातिन’, म्हणजे प्रकट आणि गुप्त, म्हटले आहे. हे जुळावे कसे? गझाली ‘मिश्कात अल्-अन्वार’मध्ये सांगतो: रंग पाहताना प्रकाशाकडे लक्ष जात नाही, सूर्य मावळला की उजेड काय होता ते उमगते. ईश्वर तर कधी मावळतच नाही. म्हणूनच तो दिसत नाही!

वाचकहो, पुरावा मागणाऱ्याला ही पळवाट वाटेल. पण दुःखात ‘देव गेला कुठे?’ म्हणून विचारणाऱ्याला गझालीचे उत्तर वेगळे ऐकू येईल: तो गेला असता, तर तुला चटकन कळले असते.