दादांचा भोंगा

ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात, त्या घरांत अडगळीची एक खोली असतेच. देवगांव रंगारी येथील आमच्या घरींहि ती आहे; आणि तींत चाळीस वर्षें एक जुना इशाऱ्याचा भोंगा पडून होता.

माझे वडील बंधू दादा १९७१ सालीं मुंबईस एका गिरणींत नोकरीस होते. त्या वर्षीं ३ डिसेंबर रोजीं युद्ध पेटलें आणि रात्रीं गच्चीवर पहारा करण्याचें काम त्यांजकडे आलें. "एका रात्रीं हा भोंगा मीं हातानें फिरवून वाजविला," असें ते सांगत. १९८२ च्या संपानंतर गिरणी बंद पडली, तेव्हां मोडींत निघालेला तो भोंगा त्यांनीं विकत घेऊन घरीं आणला. परंतु त्यास तर विजेची मोटर बसविलेली! मी नुकताच शिक्षक झालों होतों. भरल्या पंगतींत मीं म्हटलें, "दादा, विजेचा भोंगा का कोणी हातानें वाजवितो?" सारे हंसले. दादा मुकाट्यानें जेवून उठले. पुढें ती गोष्ट त्यांच्या तोंडून पुन्हां ऐकूं आली नाहीं.

७ मे २०२५ रोजीं देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, ठिकठिकाणीं भोंगे वाजले. नातवंडांनीं हट्ट धरला, कीं आपलाहि वाजवून पाहूं. मोटर जळालेली होती. दुसरी कोणती बसवावी हें ठरविण्यास यंत्राची मूळ रचना शोधणें प्राप्त झालें. मी संस्कृत शिकविलेला मनुष्य. तथापि झिजलेल्या अक्षरांवरून मूळ पाठ लावण्याची संवय येथें उपयोगी पडली.

भोंग्याचें तत्त्व सोपें आहे. बाहेरील स्थिर कवचास झरोके असतात. आंत तितक्याच झरोक्यांचें चक्र फिरतें. वारा क्षणांत सुटतो, क्षणांत अडतो, आणि त्या ठोक्यांचा नाद होतो. १८१९ सालीं कान्यार द ला तूर या फ्रेंच शास्त्रज्ञानें असें यंत्र सिद्ध केलें. आमच्या भोंग्यांत दोन चक्रें निघालीं. एकास दहा झरोके, दुसऱ्यास बारा. पांचास सहा हें प्रमाण म्हणजे षड्ज आणि कोमल गांधार!

मोटर चक्राच्या दांड्यास थेट जोडलेली होती. तिच्या पाटीवर मिनिटास २८८० फेरे लिहिलेले, म्हणजे सेकंदास ४८. मग शेजारच्या बंद पेटींत दांत्यांचीं चाकें कशासाठीं? मधलें चाक तर सरकवून मोकळें केलेलें. झांकण काढून मीं दांते मोजले: ९६ स १२, आणि ७२ स १२, म्हणजे आठ गुणिले सहा, बरोबर ४८ पट. जो वेग मोटरीस आपोआप साधतो, त्यासाठीं कारागीर हा खटाटोप कां करील? हीं चाकें मनुष्याच्या हातासाठींच होतीं. सेकंदास एक फेरा दिला, कीं ४८० आणि ५७६ कंपनांचे दोन स्वर निघावे. पेटीच्या बाजूस पत्र्याची टिकली लावून एक भोंक बुजविलेलें होतें. ती काढतांच हँडल बसविण्याचें चौकोनी टोंक दिसलें. मोटर मागाहून बसली होती.

मी बराच वेळ तेथेंच बसून राहिलों.

लोहाराकडून हँडल करून घेतलें. शेजाऱ्यांस व पोलिस ठाण्यास आधीं कळवून एका सकाळीं सर्व मंडळी अंगणांत जमविली. सुनांसमोर, नातवंडांसमोर मीं म्हटलें, "दादा, त्या दिवशीं पंगतींत मी चुकलों. तुमचें म्हणणें अक्षरशः खरें होतें."

दादा आतां शहात्तर वर्षांचे आहेत. त्यांनीं हँडल हातीं घेतलें. संकटाचा इशारा चढउताराचा असतो, संकट टळल्याचा एकसुरी. हा भेद ते विसरले नव्हते. त्यांनीं थोडा वेळ एकसुरी नादच काढला. मग धांपा टाकीत हंसून म्हणाले, "अरे, झांकण उघडून पाहिलें असतेंस, तर तेव्हांच कळलें असतें."

चाळीस वर्षें तो भोंगा घरांत होता. दांते मोजण्यास मला एक दुपार लागली.