हॉगल

मुलांनो, तुम्ही कधी एखाद्या बाहुलीवर रागावला आहात का? मी रागावलो होतो. तेव्हा मी आठवीत होतो. शेजारच्या घरी व्हिडिओवर एक इंग्रजी चित्रपट लावला होता. मला इंग्रजी फारसे येत नव्हते, पण गोष्ट समजली.

चित्रपटाचे नाव ‘लॅबिरिंथ’, म्हणजे भूलभुलैया. जिम हेन्सन या अमेरिकन बाहुलीकाराने तो 1986 साली काढला. साराह नावाच्या मुलीचा तान्हा भाऊ रडत असतो. ती वैतागून म्हणते, ‘भुतांनी याला घेऊन जावे.’ आणि भुते त्याला खरेच नेतात! तुमच्याही तोंडून रागात असे काही निघाले असेल. भुतांचा राजा तिला 13 तास देतो. तेवढ्या वेळात भूलभुलैया ओलांडून ती महालात पोहोचली, तरच भाऊ परत मिळणार.

वाटेत तिला हॉगल भेटतो. बुटका, सुरकुतलेला, मोठ्या नाकाचा आणि फार भित्रा. साराह त्याला मित्र म्हणते. त्याला आजवर कोणी मित्र म्हटलेले नसते. पण राजा धमकावतो, तेव्हा हाच हॉगल तिला जादूचे फळ देतो. भुकेलेली साराह ते विश्वासाने खाते आणि भावाला विसरून जाते.

मला हॉगलचा भयंकर राग आला. त्याला कारणही होते. त्याच महिन्यात माझ्या चेंडूने वर्गाची काच फुटली होती. गुरुजींच्या हातातली छडी पाहताच माझ्या जिवलग मित्राने माझे नाव सांगून टाकले. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नव्हतो.

खरे तर हॉगल रबराचा! आपल्याकडची कळसूत्री बाहुली दोऱ्यांनी नाचते. हॉगलला दोऱ्या नव्हत्या. त्याच्या पोशाखात शारी वाइझर ही ठेंगणी अभिनेत्री होती. हात, पाय आणि चाल तिची. चेहरा मात्र तिच्या ताब्यात नव्हता. त्यात 18 लहान मोटारी बसवल्या होत्या. कोणी भुवया हलवी, कोणी ओठ. चार माणसे बाजूला उभी राहून रेडिओच्या यंत्राने तो चेहरा चालवत. त्यांत हेन्सन यांचा मुलगा ब्रायन होता. हॉगलचा आवाजही त्याचाच. भुवई वर गेली आणि ओठ मागे राहिला, तर सारेच बिघडणार. म्हणून पाचही जणांना पुष्कळ तालीम करावी लागली. हे मी फार उशिरा वाचले. आधी माहीत असते, तरी मला राग आलाच असता.

शेवटी भुतांच्या शहराच्या दारात एक प्रचंड लोखंडी राक्षस साराहला अडवतो. तेव्हा भित्रा हॉगल वरून त्याच्यावर उडी घेतो आणि सर्वांना वाचवतो. मग मान खाली घालून उभा राहतो. तो माफी मागत नाही. साराह न मागता त्याला माफ करते. त्या रबरी चेहऱ्यावरून माझी नजर हटेना.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी माझ्या मित्राजवळ जाऊन बसलो. काय बोलावे ते सुचेना. त्यालाही सुचले नाही. थोड्या वेळाने त्याने आपला डबा माझ्याकडे सरकवला. डब्यात जादूचे फळ नव्हते, बटाट्याची भाजी होती. तिखट होती. मी सगळी खाल्ली.