हातावरचा हात

जॉन्स आयलंडला जायला 1916 साली पूल नव्हता. साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्स्टन शहरातून बोट निघायची आणि भरती-ओहोटीच्या मर्जीनं, खारट गवताच्या पात्यांमधून, चिखलाचा आणि कालवांचा वास अंगावर घेत खाडीच्या वळणांत शिरायची. काठावरच्या जुनाट ओक वृक्षांवरून करड्या जटा लोंबत असायच्या, पाण्यावर त्यांच्या सावल्या डुलत असायच्या, आणि त्या सावल्या कापत अठरा वर्षांची एक मुलगी आपल्या पहिल्या नोकरीला निघाली होती. सेप्टिमा पॉइन्सेट. हाती शिक्षिकेचा दाखला होता, पुढे कॉलेजात जायला पैसे नव्हते, आणि कातडीचा रंग असा की चार्ल्स्टनच्या सरकारी शाळांत तिला शिकवायला मनाई होती.

म्हणून बेट.

तिथली लाकडी शाळा, दोन शिक्षिका, 132 मुलं. तिला महिना 35 डॉलर. जवळच गोऱ्या मुलांची शाळा होती. तिथे पटावर तीन मुलं आणि बाईंचा पगार 85. हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचते तेव्हा संतापाच्या आधी डोळ्यांसमोर तो फळा येतो, जो तिच्या शाळेत नव्हताच. ड्रायक्लीनरकडून कपडे ज्या कागदी पिशव्यांत यायचे त्या पिशव्या ती वापरायची आणि त्यांवर मुलांनीच सांगितलेल्या गोष्टी लिहायची. त्यांची झाडं, त्यांची शेतं, त्यांच्या भोवतालची माती. कालपर्यंत कुणाचा तरी कोट मिरवणाऱ्या कागदावर एखाद्या पोराचा ओढा वाहू लागायचा, त्याच्या घरामागचं झाड उगवायचं, आणि तो ते वाचायचा.

रात्री मोठी माणसं यायची. त्यांना बायबल वाचायचं होतं. रविवारी ज्या शब्दांनी त्यांचा गळा दाटून यायचा, ज्यांच्या तालावर पाय जमिनीवर आपटायचे, ते शब्द दिसतात तरी कसे, हे त्यांना बघायचं होतं. माझी आजी हरिपाठ पाठ म्हणायची आणि म्हणताना पोथी मांडीवर उघडी ठेवायची. अक्षर एकही ओळखीचं नव्हतं, पण पान मात्र वेळेवर उलटायची. त्या उलटण्यातली भूक मला तेव्हा कळली नाही. सेप्टिमाला ती अठराव्या वर्षी कळली.

आयुष्यभर नांगर आणि कुदळ धरलेल्या हातात पेन्सिल दिली की ती मोडते. तळव्याला एवढ्याशा वस्तूची सवयच नसते. तो तिला जमिनीत रोवायची असल्यासारखा दाबतो. मग ती दुसरी पेन्सिल द्यायची, त्या खडबडीत हातावर आपला हात ठेवायची आणि नावाचं पहिलं अक्षर त्याच्याकडून गिरवून घ्यायची. साठी ओलांडलेला माणूस, त्याचा श्वास रोखलेला, आणि कागदावर हळूहळू उमटणारा तो स्वतः.

डिसेंबरात आपल्याकडच्या नर्सऱ्यांत लाल पॉइनसेटियाच्या कुंड्या रांगेनं मांडलेल्या असतात. ज्या ज्योएल पॉइन्सेटनं ते झाड मेक्सिकोतून अमेरिकेत नेलं, त्याच्या मळ्यावर सेप्टिमाचे वडील गुलाम म्हणून जन्मले. झाडालाही त्याचंच नाव आणि माणसालाही त्याचंच. मालकाच्या घरच्या मुलांना शाळेत पोहोचवायचं आणि परत आणायचं, हे त्या पोराचं काम. मला तो दिसतो. दार लावलेलं, आतून घोकंपट्टीचा सूर येतोय, आणि बाहेर उन्हात एक मुलगा वाट बघत उभा. पुढे ते मृदू स्वभावाचे झाले म्हणतात. आई मात्र हैतीत वाढलेली, लोकांचे कपडे धुऊन घर चालवणारी, आपण कधीच कुणाच्या गुलाम नव्हतो हे ताठ मानेनं सांगणारी. मुलीनं दोघांकडूनही घेतलं.

मधली वर्षं मी भरभर उलटते, कारण तिथे दुःख दाट आहे. पहिलं मूल जन्मल्यावर काही दिवसांतच गेलं. नवरा, नेरी क्लार्क, 1925 मध्ये गेला. दुसऱ्या मुलाला सासरच्या माणसांकडे ठेवावं लागलं, कारण शिक्षिकेच्या पगारात दोन पोटं नीट भरत नव्हती. त्या शिकवत राहिल्या, सुट्ट्यांत स्वतः शिकत राहिल्या, आणि बी.ए. झाल्या तेव्हा वय चव्वेचाळीस होतं. चर्च तर जन्मापासूनचं होतं, मेथडिस्ट. त्यांची श्रद्धा कमी बोलणारी आणि जास्त राबणारी होती असं मला वाटतं. रविवारी बाकावर बसून जे ऐकलं ते सोमवारी कुणाच्या तरी दारात न्यायचं.

मग 1956. राज्यानं कायदा केला, की सरकारी नोकराला एनएएसीपीचं, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं, सभासद राहता येणार नाही. सेप्टिमाबाईंनी सभासदत्व लपवलं नाही. चाळीस वर्षांची नोकरी गेली, पेन्शन गेलं. त्यांनी राज्यातल्या कृष्णवर्णीय शिक्षकांना 726 पत्रं पाठवली: एकत्र येऊ, आवाज उठवू. उत्तरं आली 26. त्यांच्या महिला मंडळानं सत्कार ठेवला, पण त्यांच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायला एकही जण तयार झाली नाही. त्या बायकांना मी दोष देऊ शकत नाही. घरात चुली होत्या, मुलांच्या फिया होत्या, आणि एका फोटोनं ते सगळं विझलं असतं. तरीही सभागृहातला तो क्षण, फुलं आहेत, टाळ्या आहेत, आणि कॅमेरा वर येताच भोवतीची जागा रिकामी होत जाते, तो माझ्या मनातून हलत नाही.

टेनेसीच्या डोंगरातल्या हायलँडर या शाळेनं त्यांना बोलावून घेतलं. गोरे आणि काळे तिथे एका टेबलाशी जेवायचे, म्हणून ती बदनाम. त्याआधीच्या उन्हाळ्यात सेप्टिमाबाईंच्या शिबिरात माँटगोमेरीची एक अबोल शिंपीण येऊन गेली होती. काही महिन्यांतच तिनं बसमधली जागा सोडायला नकार दिला. रोझा पार्क्स. हे जगाला ठाऊक आहे. मला मात्र त्यानंतरची एक लहानशी मागची खोली जास्त ओढते.

पुन्हा जॉन्स आयलंड. बेटावरचा इसॉ जेन्किन्स माणसांना बसमधून शहरात कामाला न्यायचा आणि वाटेत त्यांच्याकडून राज्यघटनेची कलमं घोकून घ्यायचा, कारण मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर ती वाचून दाखवावी लागत. ॲलिस वाइन नावाच्या बाईंनी नुसतं ऐकून उतारा तोंडपाठ केला, पण त्यांना म्हणायचा नव्हता, वाचायचा होता. त्या ओढीतून जानेवारी 1957 मध्ये सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत रात्रीचा वर्ग भरला. पुढे किराणा, मागे बाराखडी. कुणी डोकावलं तर दिसावं मीठ आणि पीठ. शिकवायला सेप्टिमाबाईंची नात्यातली बहीण, बर्निस रॉबिन्सन. पेशानं केशभूषाकार, म्हणजे कुणा गोऱ्या मालकाच्या मेहरबानीवर न जगणारी. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? नाव लिहायचं. मनीऑर्डर भरायची. कॅटलॉगमधून वस्तू मागवायच्या. बायबल. आणि मत.

किती शहाणा अभ्यासक्रम.

या वर्गांची लेकरं मग दक्षिणेत गावोगाव झाली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेनं 1961 मध्ये हे काम आपल्याकडे घेतलं आणि सेप्टिमाबाई तिथे गेल्या. कार्यकारिणीत ही बाई कशाला, असं विचारणारे पाद्री तिथेही होतेच. बायकांचं ऐकून घेत नाहीत, हे त्यांनी पुढे स्पष्ट सांगून टाकलं. मोर्चे दूरचित्रवाणीवर दिसले. गिरवणं दिसलं नाही. पण नोंदणीच्या टेबलावर ज्या हातानं सही केली, त्या हातावर आधी कुणाचा तरी हात होता.

1976 मध्ये त्यांचं पेन्शन परत मिळालं. ज्या शहरानं काढून टाकलं, तिथल्याच शाळा मंडळावर त्या सत्तरी उलटल्यावर निवडून गेल्या. 15 डिसेंबर 1987 रोजी, जॉन्स आयलंडवरच, त्या गेल्या, वय 89. पुढे दोन वर्षांनी अमेरिकेतल्या 75 कृष्णवर्णीय स्त्रियांच्या छायाचित्रांचं एक मोठं पुस्तक निघालं, ब्रायन लँकरचं. मुखपृष्ठावर सेप्टिमाबाई आहेत. बाजूनं टिपलेला चेहरा, पिकलेल्या केसांच्या घट्ट वेण्या, गालावर सुरकुत्यांच्या खाड्या.

बाकीच्या 74 जणी आतल्या पानांवर.