टॅबचा फेरफार

जुनी सायकल विकत घेतली की ती आपली होते. जुना कुकर, जुनं कपाट, रद्दीच्या दुकानातली पुस्तकं, सगळ्यांचं तसंच. पैसे दिले, वस्तू हातात आली, व्यवहार संपला. आधीच्या मालकाचं नाव फार तर पुस्तकाच्या पहिल्या पानावर किंवा पातेल्याच्या काठावर कोरलेलं राहतं. पण त्या नावाची परवानगी आल्याशिवाय पातेल्यात आमटी शिजणार नाही, असं कधी होत नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र अशी परवानगी मागणाऱ्या वस्तू घरोघरी आल्या आहेत. त्यातली एक गेल्या वर्षी आमच्या मामाच्या घरी आली.

मामा सांगली जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत अव्वल कारकून आहे. त्याची धाकटी मुलगी चित्रं काढते. इंटरमिजिएटची परीक्षा देऊन झालीय आणि पुढे उपयोजित कलेला जायचं तिनं ठरवलंय. टॅबवर चित्रं काढायला शिकायचं होतं, नवा घेणं परवडणारं नव्हतं. मामा कामासाठी पुण्याला आला होता तेव्हा एका दुकानातून त्यानं सातव्या पिढीचा जुना आयपॅड घेतला, साडेअकरा हजारांना. दुकानात पडदा लागला, वेगवेगळ्या भाषांतला नमस्कार दिसला, काचेवर ओरखडा नव्हता. घरी जाऊन वायफाय जोडल्यावर पडद्यावर निराळाच मजकूर आला: हा आयपॅड अमुक खात्याशी जोडलेला आहे, पासवर्ड द्या. खात्याचं नाव म्हणजे इंग्रजी 'एस' आणि पुढे नुसती टिंबं.

मामाचा फोन आला. "एवढी इंजिनियर झालीस की गं. एक कुलूप उघडंना व्हय?"

मी बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका कंपनीत काम करते. लोकांची ओळख पटवणं, म्हणजे हा माणूस तोच आहे का हे तपासणं, हाच माझ्या कामाचा मोठा भाग. त्यामुळे हे कुलूप काय आहे ते मला ठाऊक होतं. प्रश्न ते मामाला कसं सांगायचं हा होता.

दहा-बारा वर्षांपूर्वी अमेरिकेत फोनच्या चोऱ्या इतक्या वाढल्या होत्या की २०१३ साली न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी वकिलांनी मिळून कंपन्यांच्या मागे लकडा लावला: चोरलेला फोन चोराच्या हातात निकामी होईल अशी सोय करा. त्याच वर्षी ॲपलनं आयओएस ७ मध्ये 'ॲक्टिव्हेशन लॉक' आणलं. २०१५ मध्ये गूगलनं अँड्रॉइड ५.१ मध्ये तशीच सोय दिली आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या स्मार्टफोनांना हे कायद्यानं बंधनकारक झालं. न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, लंडन इथल्या अधिकाऱ्यांनी चोऱ्या घटल्याचं सांगितलं. म्हणजे कुलूप निकामी नव्हे, चांगलं कामाचं आहे.

त्याची खुबी अशी, की ते टॅबमध्ये नसतंच. टॅब पुसून कोरा केला की तो सुरू होताना कंपनीच्या सर्व्हरला आपला अनुक्रमांक कळवतो. हा अनुक्रमांक कोणाच्या खात्यावर आहे का, हे सर्व्हर बघतो. असेल, तर त्या खात्याचा पासवर्ड मिळेपर्यंत टॅबला चालू होण्याची परवानगी मिळत नाही. टॅबमधलं सगळं कितीदाही पुसा, नोंद दुसरीकडे आहे.

एवढं ऐकल्यावर मामा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे खरेदी झाली, पण फेरफार झाला नाही. सातबाऱ्यावर अजून पहिल्याचंच नाव हाय."

मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं. शेत नांगरून काढलं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव पुसलं जात नाही, कारण उतारा शेतात नसतो. मामानं आयुष्यभर अशीच माणसं पाहिली होती. पैसे मोजून जमीन घेतलेली, पेरणीही केलेली, आणि नोंदीसाठी वर्षानुवर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवणारी.

मामेबहिणीनं मात्र वेगळा रस्ता शोधला होता. 'बायपास' करून देणाऱ्यांचे व्हिडिओ तिनं पाहिले होते आणि टॅब विकणारा दुकानदारही दीड हजारात तेच करून द्यायला तयार होता. "ताई, होतं ना असं?" होतं. त्या आयपॅडमध्ये ए१० चिप आहे. ए५ ते ए११ पर्यंतच्या चिपांमध्ये सुरुवातीच्याच कोडमध्ये एक दोष राहिला होता. तो सप्टेंबर २०१९ मध्ये 'चेकमेट' नावानं उघड झाला. हे कोड चिपमध्येच कायमचं लिहिलेलं असल्यामुळे कंपनीलाही तो विकलेल्या यंत्रांत दुरुस्त करता येत नाही. त्या दाराने आत शिरता येतं. पण तसं उघडलेल्या टॅबवर बऱ्याच गोष्टी अर्धवट चालतात आणि पुन्हा सगळं पुसायची वेळ आली की कुलूप परत हजर.

शिवाय हा टॅब कुणाचा होता हे आम्हाला माहीत नव्हतं. फोन असता तर त्याचा आयएमईआय क्रमांक १४४२२ वर पाठवून सरकारी यादीत तो चोरीचा म्हणून नोंदलाय का हे पाहता आलं असतं. नुसत्या वायफायवर चालणाऱ्या टॅबला आयएमईआय नसतो. 'एस' नावाच्या कुणाच्या तरी पिशवीतून तो एसटी स्टँडवर गेलेला असेल, तर मी मामेबहिणीला चोरीच्या मालावर चित्रं काढायला बसवणार होते. मी तिला म्हटलं, "करता येईल, पण मी करणार नाही." ती रुसली. तिच्या अर्जाची तारीख जवळ आली होती आणि साडेअकरा हजार हा त्या घरात छोटा आकडा नाही. मामानं तिला त्याच्या भाषेत समजावलं, "कब्जा मिळंल, नाव लागायचं नाही."

कंपनीकडून कुलूप काढून घेता येतं, पण त्यासाठी मूळ खरेदीची पावती लागते. आमच्याकडे होती एक चिठ्ठी: 'जुना टॅब, १ नग'. कंपनीचंही बरोबरच आहे. चिठ्ठीवर कुलूप निघालं असतं तर चोरांनी चिठ्ठीपुस्तकं छापली असती.

उरला एकच मार्ग, त्या 'एस'ला शोधणं. दुकानदारानं आधी हात झटकले. एक्सचेंजमध्ये माल आला, आम्ही नावं ठेवत नाही, वगैरे. मामा दोन आठवड्यांनी परत पुण्याला आला आणि मला घेऊन दुकानात जाऊन बसला. न भांडता, नुसता बसला. कचेरीत लोक त्याच्यासमोर बसतात तसा. तासाभरानं एक वही निघाली. नंबर आम्हाला न देता दुकानदारानं स्वतःच्याच फोनवरून लावला आणि मामाकडे दिला.

पलीकडे एक शिक्षिका होत्या. मामानं नमस्कार करून सगळं सांगितलं. तुमचा विकलेला टॅब माझ्याकडे आहे, तुमच्या खात्यात जाऊन तेवढं एक काम करा. बाईंनी फोन ठेवून दिला.

त्यांच्या जागी मीही ठेवला असता. अनोळखी माणूस फोन करतो, आदबीनं बोलतो, घाई आहे म्हणतो आणि खात्यात जायला सांगतो. फसवणुकीचा फोन याहून वेगळा कसा असतो? कोणाला ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका, फसलात तर १९३० ला फोन करा, हे सतत कानावर पडत असताना प्रामाणिक माणसानं आपला प्रामाणिकपणा कसा सिद्ध करायचा, याची सोय कुणीच केलेली नाही. चोराला ओळखणारं कुलूप आपण बनवलं. सरळ गिऱ्हाईक त्याला ओळखता येत नाही.

दुकानदाराकडून आम्ही बाईंना एकच निरोप पाठवला. पासवर्ड, ओटीपी काहीही आम्हाला नको, आम्ही कोणतीही लिंक पाठवणार नाही. तुमच्या ओळखीतल्या जाणत्या माणसाला विचारा आणि पटलं तरच मामाच्या नंबरवर फोन करा. तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. त्यांच्या भाच्यानं त्यांना एक गोष्ट सुचवली होती. टॅबचं रिकामं खोकं त्यांच्या माळ्यावर अजून होतं. खोक्यावर अनुक्रमांक असतो, टॅबच्या पाठीवरही असतो. बारा अक्षरं. बाई म्हणाल्या, एक अक्षर मी वाचते, पुढचं तुम्ही वाचा.

मामानं चष्मा लावला, टॅब उन्हात धरला आणि एकाआड एक बाराही अक्षरं जुळली. नोकरीत मी जे 'चॅलेंज-रिस्पॉन्स' म्हणून लिहिते, म्हणजे गुपित न सांगता ते आपल्याकडे आहे हे सिद्ध करणं, ते पन्नाशी ओलांडलेल्या दोन अनोळखी माणसांनी फोनवर खोकं नि चष्मा घेऊन केलं.

मग बाई मोकळेपणानं बोलल्या. २०२० मध्ये शाळा बंद असताना त्यांनी याच टॅबवरून वर्ग घेतले होते. विकताना त्यांनी सगळं पुसलं होतं; खात्यातूनही तो काढावा लागतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मामाला विचारलं, "त्यात माझ्या मुलांचे फोटो दिसत नाहीत ना?" एवढे दिवस त्या पासवर्डला नव्हे, याला भीत होत्या. काही नाही, कोरा आहे, असं मामानं सांगितलं.

भाच्याच्या मदतीनं त्यांनी आयक्लाउडच्या साइटवर आपल्या यंत्रांची यादी उघडली. यादीत तो टॅब 'सहावी ब' या नावानं होता. तो काढून टाकायला मिनिट लागलं नसेल. पासवर्ड त्यांच्याजवळून कुठेही गेला नाही.

आपल्याकडे व्यवहाराचं सगळं शहाणपण घेणाऱ्यासाठी आहे: पारखून घ्या, घासाघीस करा, पावती घ्या. त्यात आता एक भर पडली. जुना टॅब किंवा फोन घेताना पैसे देण्याआधी दुकानातच स्वतःच्या फोनचं हॉटस्पॉट जोडायचं आणि मुख्य पडदा दिसेपर्यंत पुढे जायचं. पण विकणाऱ्याचंही एक काम आता वाढलंय. नुसतं पुसून भागत नाही, आधी खात्यातून बाहेर पडायचं, मग पुसायचं. जमिनीच्या भाषेत यासाठी फार चांगला शब्द आहे, हक्कसोडपत्र. वस्तू देणं वेगळं, तिच्यावरचा हक्क सोडणं वेगळं, हे जमिनीपुरतं तरी आपल्याला पूर्वीपासून माहीत होतं.

त्या संध्याकाळी मामेबहिणीनं टॅब बंद करून परत चालू केला. या वेळी त्यानं कुणाचाच पासवर्ड मागितला नाही, फक्त भाषा विचारली. तिनं मराठी निवडली.